कुळागर विकून आयर्लंडला? आधी एकट्याचा हिशेब मांडा

प्रश्न: फोंडा तालुक्यात राहतो. वय ३९. फर्मागुडीच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन झालो, आता वायरिंगबरोबर एसीची कामंही करतो. वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला ५५ हजार सुटतात, पण पावसाळ्यात ३० वर येतात. घरखर्च ३८ हजार. पत्नी घरी शिवणकाम करते. मुलगा तेरा वर्षांचा, आठवीत. मुलगी आठ वर्षांची. आईचा जन्म १९५६ चा, गोव्यातच, त्यामुळे पोर्तुगीज पासपोर्ट मिळेल आणि त्यावर सगळे आयर्लंडला जाऊ असं एजंट म्हणतो. आई धरून सगळ्यांचे मिळून आठ लाख, त्यातले चार आत्ता. एफडी ९ लाख, म्युच्युअल फंड ३ लाख, मुलीच्या सुकन्या खात्यात १.८ लाख, व्हॅनचं कर्ज अडीच लाख बाकी. वडिलांच्या कुळागरातल्या (सुपारी-मिरीच्या बागायतीतल्या) आमच्या वाट्याला गिऱ्हाईक २४ लाख देतंय. सुपारी-मिरीचे वर्षाला ९० हजार हातात येतात. विकून एकदाच सगळे निघावं का? डब्लिनला असलेला मावसभाऊ सांगतो की तिथे इलेक्ट्रिशियनला ताशी २५ ते ३० युरो मिळतात.

उत्तर: जायला माझा विरोध नाही. विरोध आहे तो सगळ्यांनी एकदम जाण्याला आणि त्यासाठी कुळागर विकण्याला. आकड्यांनीच दाखवतो. एक युरो शंभर रुपये धरला आहे.

ताशी २५ ते ३० हा तिथल्या नोंदणीकृत कारागिराचा दर आहे. आपल्या आयटीआयचं प्रमाणपत्र तिथल्या चार वर्षांच्या ॲप्रेंटिसशिपच्या बरोबरीचं आपोआप धरलं जात नाही, त्यामुळे कितीही वर्षांचा अनुभव असला तरी सुरुवात बहुधा मदतनीस किंवा मेंटेनन्सवाला म्हणून होते. बांधकामाच्या जागेवर पाय ठेवायला सेफ पास नावाचं एक दिवसाचं प्रशिक्षण लागतं. एसीचं काम करायचं तर संपूर्ण युरोपात रेफ्रिजरंट हाताळायला एफ-गॅसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे, ते नसेल तर सिलिंडरला हात लावता येत नाही. शिवाय आयर्लंडमध्ये घरोघरी एसी नसतात. तुमचं एसीचं ज्ञान उपयोगी पडेल ते सुपरमार्केटची शीतगृहं आणि घरं गरम ठेवणारे हीट पंप यांत. ही मागणी खरी आहे, आणि तुमची खरी कमाई वायरिंगपेक्षा याच बाजूने वाढेल असं मला वाटतं.

म्हणून पहिलं वर्ष किमान वेतनावर धरा. २०२६ चा दर ताशी १४.१५ युरो. आठवड्याला ३९ तासांनी महिन्याचे सुमारे २,३९० होतात, आणि कर व सामाजिक विमा वजा जाता एकट्या माणसाच्या हातात २,१०० च्या आसपास येतात. चौघांसोबत वाटून घेतलेल्या घरातली खोली ७५०, जेवण ३००, बस १००, फोन आणि किरकोळ १५०, असे १,३०० खर्च. उरले ८००, म्हणजे ८० हजार रुपये. आज फोंड्यात तुमचे १७ हजार उरतात. एकट्याचं गणित चांगलं जमतं.

आता तेच घर चौघांचं करा. डब्लिन परिसरात दोन खोल्यांचं घर २,००० युरोंच्या खाली सहसा मिळत नाही, आणि मिळालं तरी आधीच्या घरमालकाचं शिफारसपत्र आणि पगाराच्या पावत्या मागतात. किराणा ७००, वीज-हीटिंग २२०, प्रवास १५०, फोन, शाळा, डॉक्टर मिळून ४००. एकूण ३,४७० च्या घरात. विवाहित म्हणून कर कमी लागेल, दोन मुलांचा सरकारी बालभत्ता प्रत्येकी १४० मिळेल, तरी एका पगारावर २,५४० च हातात. दर महिन्याला सुमारे ९०० युरोंची तूट. पत्नीलाही किमान वेतनाचं काम लागलं तर तिच्या जाण्यायेण्याचा खर्च धरूनही चित्र उलटतं आणि तेवढेच ९०० उरू लागतात. म्हणजे सगळा खेळ दुसरा पगार कधी सुरू होतो यावर आहे.

तो लगेच सुरू होत नाही. पत्नी भारतीय पासपोर्टवर, युरोपीय नागरिकाची जोडीदार म्हणून येणार. तिला निवासाची परवानगी वेगळी काढावी लागते आणि ती हातात पडेपर्यंत महिने जातात. मुलं शाळेत रुळेपर्यंत घरी कुणीतरी लागतं, हे वेगळंच. आठ महिने धरले तर तूट ७,२०० युरो, त्यावर घराची २,००० अनामत आणि तिघांची तिकिटं, म्हणजे जवळपास पावणेअकरा लाख. कुळागराचे २४ लाख आल्यावर हे सहज भागेल असं वाटतं, आणि नेमकं म्हणूनच लोक घाईने विकतात. मग पैसा घरभाड्यात विरघळतो आणि कुणाला ते जाणवतही नाही.

एकटे गेलात तर विकायची गरजच नाही. व्हॅन चार लाखांना गेली असं धरा; कर्ज फिटून दीड उरतात. एफडी आणि फंड मिळून हातात साडेतेरा लाख. त्यातून तुमच्या आणि आईच्या कागदपत्रांना अडीच लाख, घरी मागे ठेवायला आठ महिन्यांचे २ लाख ४० हजार, तिकडे पहिले तीन महिने आणि खोलीची अनामत मिळून ४,६५० युरो, तिकीट ६० हजार, सेफ पास, एफ-गॅस आणि हत्यारांना एक लाख. बेरीज ११ लाख १५ हजार. २ लाख ३५ हजार तरीही शिल्लक. नोकरी लागल्यावर महिन्याला ३० हजार घरी पाठवून ५० बाजूला पडतात, वर्षाचे सहा लाख. ते, ही शिल्लक आणि घरी ठेवलेले न मोडलेले पैसे मिळून कुटुंब नेण्याचा खर्च जेमतेम निघतो. जेमतेम, म्हणून मी एक अट घालतो: तुमचा दर ताशी १८ युरोंवर गेल्याशिवाय तिघांची तिकिटं काढू नका. १८ वर एका पगाराची तूट निम्मी होते, ९०० वरून साडेचारशेच्या आसपास. तो दर एफ-गॅस काढल्यावर मिळण्याची शक्यता जास्त, म्हणून तो कोर्स पहिल्या सहा महिन्यांत करा, पुढे ढकलू नका.

मग थांबायचं किती? इथे मुलाचं वय येतं. आयर्लंडमध्ये युरोपीय नागरिकाच्या मुलाला कॉलेजची फी माफ व्हायची तर प्रवेशाआधीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षं युरोपात वास्तव्य लागतं. अठराव्या वर्षी प्रवेश धरला तर मुलगा पंधराच्या आत तिकडे पोहोचायला हवा. म्हणजे तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, त्यातलं सव्वा ते दीड वर्ष एकट्याचं. बारा वर्षांपुढे परदेशातून आलेल्या मुलाला शाळेत आयरिश भाषेतून सूट मागता येते, त्यामुळे ते टेन्शन नको.

आता पासपोर्ट, कारण एजंटने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना-नातवंडांना पोर्तुगालचा कायदा हक्क देतो, हे खरं. पण ही साखळी आईपासून सुरू होते. आधी आईंचा जन्म लिस्बनच्या नोंदणी कार्यालयात चढवायचा, मग त्यांचा विवाह, मग तुमचा जन्म. आईंचा जन्म तिथे नोंदला की त्या पोर्तुगीज ठरतात, आणि भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अशा नोंदीवरून गोव्यात अनेकांचे भारतीय पासपोर्ट रद्द झाले आहेत. एप्रिल २०२४ पासून रद्द झालेल्या पासपोर्टच्या प्रमाणपत्रावरही ओसीआय कार्डासाठी (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना इथे राहण्याची मुभा देणारं कार्ड) अर्ज करता येतो, ही वाट मोकळी झाली आहे. पण सत्तरीतल्या बाईला, जिला फोंडा सोडून कुठेही जायचं नाही, तिचं मतदान सोडून ओसीआय कार्डावर आपल्याच घरात राहावं लागेल, हे कुणी त्यांना समजावून सांगितलंय का? गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे पैसे मिळत असतील तर त्याचीही आधी चौकशी करा. निर्णय त्यांचा आहे. सही घेण्यापुरतं त्यांना बोलावू नका.

ब्रिटनचा विचार मनातून काढा. पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे जाऊन काम करण्याची मुभा ३१ डिसेंबर २०२० ला संपली. आयर्लंडमार्गे पलीकडे जाता येईल असं कुणी सांगितलं तर तेही खोटं.

कागद अडतात ते नावांवर. आईंच्या जन्मनोंदीची जुनी पूर्ण नक्कल, जिला एजंट लोक तेओर म्हणतात, त्यात माहेरचं नाव पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने असतं. लग्नात नाव बदललं असेल तर आधारवर तिसरंच. ती बाई आणि ही बाई एकच, हे सिद्ध करता करता वर्ष जातं. आणि त्यांचं लग्न फक्त देवळात लागलं असेल, सिव्हिल नोंद झाली नसेल, तर साखळी तिथेच अडते. तेव्हा चार लाख ॲडव्हान्स सोडा. आधी तालुक्याच्या निबंधक कार्यालयातून या दोन नोंदींच्या नकला स्वतः काढा. जुनी नोंद तिथे नसेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोधा. दोन्ही हातात आल्या तरच पुढे. सरकारी फी एका माणसामागे काही शे युरोंपलीकडे जात नाही. बाकी सगळं एजंटची आणि वकिलाची मेहनत. पैसे टप्प्याने द्या: कागद जमल्यावर एक, लिस्बनला अर्ज दाखल होऊन त्याचा क्रमांक आणि ऑनलाइन तपासायचा कोड तुमच्या हाती आल्यावर दुसरा, नोंदीची नक्कल आल्यावर उरलेले. कोड द्यायला टाळाटाळ करणारा एजंट लगेच सोडा. पत्नी आणि मुलांचं काम आत्ता सुरू करायचंच नाही.

कुळागराकडे वळतो. २४ लाखांवर ९० हजार म्हणजे पावणेचार टक्के. एफडी जास्त देते, त्यामुळे केवळ परताव्यावर बोलायचं तर विकणं मूर्खपणाचं नाही. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त, आणि जमीन नगरपालिका हद्दीपासून दोन किलोमीटरच्या बाहेर असेल तर विक्रीवर भांडवली नफ्याचा करही नाही. मी थांबवतोय ते दुसऱ्या कारणाने: पोर्तुगीज नागरिक झाल्यावर ओसीआय कार्ड असलं तरी भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येते, असलेली ठेवता येते, भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला विकता येते. म्हणजे विकायची दारं नंतरही उघडी आहेत, घ्यायचं एकच दार कायमचं बंद होतंय. दोन वर्षांनी तिकडे जम बसला तर तेव्हा विका, नाहीतर परत यायला ठिकाण राहील.

आणि आत्ता विकू म्हटलं तरी तुम्हाला एकट्याला विकता येणार नाही. गोव्याच्या नागरी कायद्याने अर्धा हिस्सा आईंचा. वडिलांच्या अर्ध्यात तुम्ही आणि बहिणी सारखे वाटेकरी. बहिणीचं लग्न झालेलं असेल तर तिच्याबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही, तुमच्याबरोबर तुमच्या पत्नीची. पत्रात तुम्ही बहिणींचा उल्लेखच केलेला नाही. नसतील तर सोपं आहे. असतील तर वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून होणारी वारस आणि मालमत्तेची नोंद), आणि वाटणी, हे सगळं नागरिकत्व बदलण्याआधी, तुम्ही फोंड्यात असतानाच पुरं करा. नंतर प्रत्येक सहीसाठी परदेशातून मुखत्यारपत्र पाठवत बसाल.

तुमच्या मागे कुळागर बघणार कोण, हाही प्रश्न आहेच. पाट वेळेवर सोडला नाही तर सुपारीची झाडं दोन उन्हाळ्यांत कोमेजतात, आणि पाडेली, म्हणजे झाडावर चढून पीक उतरवणारा, आता शोधून मिळत नाही. एखाद्याला वर्षाच्या बोलीवर पीक काढायला द्या, पण कागद करून: फक्त त्या वर्षाचं पीक, जमिनीचा ताबा नाही, कसण्याचा हक्क नाही. तोंडी दिलंत तर उद्या कुळाचा दावा उभा राहू शकतो. जाण्याआधी फॉर्म १ व १४ चा (गोव्यातल्या सातबाऱ्याचा) ताजा उतारा काढा आणि कुळाच्या रकान्यात कुणाचं नाव चढलेलं नाही ना, ते डोळ्यांनी पाहा.

उरलेली कामं छोटी आहेत. काम करायला परदेशी निघालात की बचत खातं एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांचं रुपयातलं खातं) करायला बँकेला कळवा, फंडाची केवायसी बदला. टर्म इन्शुरन्स नसेल तर भारतात असतानाच ७५ लाखांचा घ्या. असेल तर कंपनीला परदेशी जाण्याचं लेखी कळवा. सुकन्या खातं मुलगी भारतात आहे आणि भारतीय नागरिक आहे तोवर चालवा. तिची नोंद पोर्तुगालला झाली किंवा ती तिकडे राहायला गेली की ते बंद करावं लागतं, म्हणून आता त्यात दरवर्षी किमान २५० रुपयेच भरा.

एक पर्याय तुम्ही लिहिलाच नाही, तो आखाताचा. फक्त दोन-तीन वर्षं पैसे साठवायचे असतील तर तिथे पगारावर आयकर नाही, नागरिकत्व सोडावं लागत नाही, आणि परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला एजंट कायद्याने ३० हजार रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. कुटुंब मात्र तिथे कायमचं वसत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी जायचं असेल तर आयर्लंड, घर दुरुस्त करून कर्ज फेडायला जायचं असेल तर आखात. पत्र वाचून मला या दोहोंतलं दुसरं कारण दिसलं नाही, म्हणून वरचा सगळा हिशेब आयर्लंडचा मांडला.