घरावर बँकेची ताबा नोटीस लागली आहे, दिवाणी कोर्टात दावा टाकू का?

नको, त्यात दिवस वाया जातील. सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जासाठी बँकेला कोर्टात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम ३४ मुळे दिवाणी कोर्ट यात सहसा हात घालत नाही. कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करा. मुदत ताब्याच्या कारवाईपासून फक्त ४५ दिवस!

‘हप्ते थकले कारण नोकरी गेली’ एवढ्यावर सहसा स्थगिती मिळत नाही. चूक बँकेच्या कारवाईत दाखवावी लागते: ६० दिवसांत थकबाकी भरा अशी मागणी नोटीस नीट बजावली का, तिच्यावरच्या तुमच्या हरकतीला १५ दिवसांत उत्तर दिलं का? पाकिटं, पोचपावत्या जपून ठेवा.

निकाल विरुद्ध गेला तर ३० दिवसांत अपील; पण आधी देय कर्जाची निम्मी रक्कम भरावी लागते, कमी झाली तरी फार तर पाव होते. म्हणून सगळा जोर पहिल्याच अर्जावर लावा, वकील आजच गाठा.