लेड्युकजवळ जागा घेण्याआधी तिथल्या तेलविहिरीची चौकशी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुढच्या वर्षी पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, घेऊन तुम्ही दोघं नाशिकहून कॅनडातल्या एडमंटनला येताय. मेहुण्यांनी तिथून जवळच्या लेड्युक गावाच्या बाजूला घरासकट 15 एकर जागा पाहून ठेवली आहे, तिथे पॉलीहाउस टाकायचा विचार आहे. कोपऱ्यात एक 'अबँडन्ड' तेलविहीर आहे. दलाल म्हणतो, ती कधीच बंद झाली. मग पर्यावरण सल्लागार हवाच का, आणि तो शोधायचा कसा?

हवाच. मी गेली बारा वर्षं इथे अल्बर्टा प्रांतात हेच काम करतोय, आणि सगळा घोळ त्या एका शब्दापासून सुरू होतो. इथे अबँडन्ड म्हणजे विहीर नियमाप्रमाणे सिमेंटने बुजवली, वरचा पाइप जमिनीखाली किमान एक मीटरवर कापला आणि झाकण बसवलं. मालक कंपनीच उरली नाही तर ती विहीर 'ऑर्फन', म्हणजे पोरकी. आणि माती, निचरा, झाडोरा पूर्ववत झाल्याचा दाखला वेगळाच असतो, त्याला रिक्लमेशन सर्टिफिकेट म्हणतात. विहीर बंद आहे ही एक गोष्ट, जमीन स्वच्छ आहे ही दुसरी. दलाल पहिली सांगतो, आपण दुसरी ऐकतो.

लेड्युकला तेल लागलं 13 फेब्रुवारी 1947 ला. त्या भागातल्या कित्येक विहिरी त्या काळातल्या आहेत. तेव्हा ड्रिलिंगचा गाळ शेजारीच खड्ड्यात पुरायचे, नको असलेलं तेल-गॅस दुसऱ्या खड्ड्यात जाळायचे. तेलाबरोबर खारट पाणीही वर येतं. सांडलेल्या तेलाचा बराचसा भाग जिवाणू हळूहळू खातात, मिठाला मात्र कोणी खात नाही. ते पाण्याबरोबर पसरत राहतं. तुम्ही द्राक्षवाले, खारवट आणि चोपण जमीन म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून तुमच्या बाबतीत मला तेलापेक्षा मिठाची धास्ती जास्त वाटते.

पैसे खर्च करण्याआधी दोन संध्याकाळी स्वतः बसा. जमिनीचं टायटल, म्हणजे मालकीचा सरकारी उतारा, काढा. आपल्या सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असतात तसे त्यावर कॅव्हियट नोंदलेले असतात: तेल कंपनीचा भाडेपट्टा, पाइपलाइनचा पट्टा. जमिनीखालचं खनिज बहुधा तुमचं नसणारच, अल्बर्टातले सुमारे चार पंचमांश खनिजहक्क सरकारचे आहेत. मग अल्बर्टा एनर्जी रेग्युलेटर या तेल-गॅसवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या फुकट नकाशावर विहीर शोधा. त्यासाठी क्वार्टर-सेक्शन-टाउनशिप असा जमिनीचा क्रमांक हाताशी ठेवा. जुने तपासणी अहवाल सरकारच्या ईसार नावाच्या संग्रहात मिळू शकतात. आणि पीआर हाती येण्याआधी खरेदी करणार असाल तर वकिलाला जरूर विचारा, कारण बाहेरच्या माणसाला शेतजमिनीचे जास्तीत जास्त दोन तुकडे, मिळून 20 एकरच घेता येतात.

आता सल्लागार. 'एन्व्हायर्न्मेंटल कन्सल्टंट' अशी पाटी कोणीही लावू शकतो. 'इंजिनिअर' किंवा 'प्रोफेशनल अ‍ॅग्रॉलॉजिस्ट' (माती-शेतीतज्ज्ञ) म्हणवून घ्यायला मात्र परवाना लागतो. अपेगा या इंजिनिअर आणि भूवैज्ञानिकांच्या संस्थेची सभासदसूची खुली आहे. मातीच्या कामासाठी अल्बर्टा इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅग्रॉलॉजिस्ट्सचा सभासद पाहा. नाव तिथे तपासल्याशिवाय फोन करू नका. एवढ्याशा जागेसाठी मोठ्या फर्मच्या मागे लागू नका, तुमचं काम त्यांच्याकडे नव्या पोराच्या टेबलावर पडून राहील. एडमंटन, निस्कू किंवा रेड डिअरची, जुन्या विहिरींवर हात बसलेली छोटी फर्म मला जास्त भरवशाची वाटते. कोणी मराठी आहे म्हणूनही काम देऊ नका.

फोनवर विचारा: या भागातल्या किती विहिरींच्या जागा पाहिल्यात? साइटवर कोण येणार आणि सही कोण करणार? या विहिरीचा परवाना ज्या कंपनीचा, तिचं काम तुम्ही करता का? व्यावसायिक जबाबदारीचा विमा आहे का? या शेवटच्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली की फोन ठेवा.

आणि विकणाऱ्याने दिलेल्या अहवालावर विसंबू नका. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने ते केलं. फेज वन अहवाल होता, म्हणजे कागदपत्रं, हवाई छायाचित्रं, जागेवर एक फेरी. फेरी जानेवारीत, बर्फाखाली. मे महिन्यात बर्फ गेलं आणि विहिरीशेजारी ओसाड चट्टा दिसला, तिथे गवताचं पातंही नव्हतं. अहवाल देणाऱ्यांनी हात वर केले: आमचं अशील विकणारा होता, तुम्ही नाही. कायद्याने ते बरोबर होतं. त्या कुटुंबातल्या बाईंचा फोनवरचा आवाज मला अजून आठवतो. जुना अहवाल वापरायचाच असेल तर तो लिहिणाऱ्याकडून तुमच्या नावाने रिलायन्स लेटर, म्हणजे 'या अहवालावर तुम्हीही विसंबू शकता' असं लेखी पत्र, घ्या.

तुमच्या जागेला मी फेज वनवर थांबणार नाही. फेज टूमध्ये बोअर घेऊन माती प्रयोगशाळेत जाते. हायड्रोकार्बनबरोबर (म्हणजे तेलाच्या अंशाबरोबर) ईसी (क्षारता), एसएआर (सोडियमचं प्रमाण, म्हणजे चोपणपणा) आणि क्लोराइड मागा, आणि निकाल अल्बर्टाच्या माती-पाण्यासाठीच्या 'टियर वन' या सरकारी निकषांतल्या शेतजमिनीच्या आकड्यांशी ताडून मागा. पिण्याच्या पाण्याची विहीर असेल तर तिचंही पाणी तपासा. बांधकाम बुजवलेल्या विहिरीपासून किमान 5 मीटर लांब ठेवावं लागतं, आणि पुन्हा दुरुस्तीची वेळ आली तर यंत्र आत आणायला वाटही सोडावी लागते. पॉलीहाउसचा आराखडा त्यानंतरच काढा.

हे सगळं सह्या पक्क्या होण्याआधी. ऑफरमध्येच अट घाला की पर्यावरण अहवाल समाधानकारक आला तरच व्यवहार, आणि त्यासाठी पुरेशी मुदत मागा. बोअर हिवाळ्यातही घेता येतात, पण झाडोरा पाहायचा तर जून-जुलैच हवा, म्हणून मेहुण्यांना आत्ता घाई करू देऊ नका. त्यांच्याकडून जमिनीचा क्रमांक आणि विहिरीचा परवाना क्रमांक मागवून मला पाठवा. तिला रिक्लमेशन सर्टिफिकेट मिळालंय का, हे आधी पाहू.