पावसाळ्यात कर्ण जुळत नाही, पायाचं टोक फाटतं: कागदाचं काय करायचं

तुमच्या दोन अडचणी आहेत. आकृत्या बघून ओरिगामीचा (कागद दुमडून केलेला) भुंगेरा घडताना पाय बारीक करायच्या पायरीला टोक फाटतं, आणि म्हापशात पाऊस सुरू झाल्यापासून कर्णाची घडीसुद्धा कोपऱ्याला कोपरा जुळत नाही. कागद झेरॉक्सचा, ८० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा), २१ सेंमीचा चौरस. हाताला दोष देऊ नका, दोन्हींचं मूळ कागदात आहे.

आधी कर्ण. कागदातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडलेले असतात. ओलावा शोषला की तंतू लांबीला फारसा वाढत नाही, जाडीला फुगतो. त्यामुळे आदल्या दिवशी कापून उघड्यावर ठेवलेला चौरस एका बाजूने किंचित वाढून आयत होतो. रीम हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा आणि चौरस घडायला बसतानाच कापा, स्टीलची पट्टी नि कटर घेऊन. उन्हात वाळवू नका. कडा आधी सुकतात आणि कागद लाटांसारखा होतो.

आता फाटण्याचं. भुंगेऱ्याच्या पायात कागदाचे कितीतरी थर एकावर एक येतात. जाड कागदात सगळ्यात बाहेरच्या थराला बाकीच्यांना वळसा घालावा लागतो, तो ताणला जातो आणि टोकाशी तुटतो. म्हणून कागद रंगावरून निवडू नका. घडणीत सगळ्यात जास्त थर कुठे येतात ते आधी बघा. बगळ्यासारख्या सोप्या घडणीला १५ सेंमीचा ६०-७० जीएसएमचा कागद पुरतो. किड्यांना ३५-४० सेंमीचा, ४० जीएसएमच्या आतला, लांब तंतूंचा कागद हवा. साधा पातळ खाकी कागद सरावाला उत्तम, पण वह्यांना घालायचा प्लास्टिकचा थर दिलेला खाकी घेऊ नका, त्यावर घडी बसतच नाही. पतंगी कागद एकटा लुळा पडतो. स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलला दोन्ही बाजूंनी टिश्यू पेपर चिकटवला (स्प्रेचा गोंद, हवेचे फुगे न ठेवता) तर दमट हवेतही पाय वळवू तसे राहतात. मात्र तीच घडी परत परत उलटसुलट केली की फॉइल तडकतं, त्यामुळे आधी खाकीवर हात बसवा.

एक बारीक गोष्ट फार उपयोगी आहे. दोन कडा मधल्या रेघेवर आणायच्या असतात तेव्हा त्या रेघेला टेकवू नका, अर्धा मिलिमीटर फट ठेवा. पुढे त्याच रेघेवर दुमडताना थरांना जागा मिळते, टोकावर सुरकुती येत नाही.

आकृत्यांबद्दल: तुटक रेघ म्हणजे दरीची घडी (कागद आपल्याकडे दुमडायचा), तुटक-टिंब म्हणजे डोंगराची (मागे दुमडायचा), जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावांपासून रुळलेल्या या खुणा बहुतेक पुस्तकांत सारख्याच असतात. बाणावर अडकलात तर तिथेच बघत बसू नका, पुढची आकृती बघा. आत्ताची आकृती काय करायचं ते सांगते, पुढची झाल्यावर कसं दिसतं ते. ‘ओपन सिंक’ (टोक आत दाबून बुडवायची घडी) आला की टोकाची रेघ आधी दोन्ही बाजूंनी कडक दुमडून घ्या, कागद उघडा, टोकाभोवतीच्या छोट्या चौरसाच्या चारही रेघा डोंगराच्या करा आणि मगच मधला भाग आत दाबा. न उघडता बोटाने ढकललात तर फाटणारच.

ओल्या कागदाची घडण (कागद किंचित ओलसर करून घडायची पद्धत) मात्र पाऊस ओसरल्यावर करा. सध्या ती सुकायला फार वेळ घेते, तोवर आकार सुटतो आणि बुरशीही धरते.