परवाना काढतात, परवानगी मागतात

एकाने विचारलंय की तो जुनं बुलेटिन बोर्डाचं सॉफ्टवेअर, म्हणजे मोडेमने फोन लावून आत शिरायचं त्या काळातलं, हौसेने मराठीत आणतोय, आणि एकेका मेंबरला काय करू द्यायचं नि काय नाही हे ठरवायच्या स्क्रीनवर त्याने 'सदस्याचे हक्क' असं लिहिलंय. ते बरोबर आहे, का 'सदस्याचे परवाने' लिहू?

दोन्ही नको.

हक्काचं आधी उरकतो कारण हे हल्ली इतकं कानावर पडतं की डोकं उठतं. "ऍडमिनने मला डिलीटचे हक्क दिले." अरे बाबा, हक्क माणूस सांगतो, बजावतो, त्यासाठी कोर्टात जातो. टिळकांनी स्वराज्य जन्मसिद्ध हक्क म्हटलं ते साहेबाने टिक केली म्हणून नव्हे. सकाळी दिलं आणि संध्याकाळी भांडण झालं म्हणून काढून घेतलं, त्याला हक्क कोण म्हणेल?

आता परवाना आणि परवानगी. लोकांना वाटतं एकच, एक लांब नि एक आखूड. शब्दाबरोबर कुठलं क्रियापद येतं ते बघा की. परवाना काढतात, परवानगी मागतात. परवाना कागद आहे, त्याला नंबर असतो, मुदत असते, तो संपतो, नूतनीकरण होतं, भिंतीवर लटकतो. परवानगी तोंडी असली तरी चालते, एका माणसाला एका कामापुरती. आपल्याकडे तर याचं उत्तम उदाहरण हमरस्त्यावर पाट्या लावून उभं आहे, परमिट रूम. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे बारवाल्याला वेगळा परवाना (एफएल-३ का काय तो) आणि पिणाऱ्याला स्वतःच्या नावाचं परमिट वेगळं, नुसता बारवाल्याकडे कागद असून भागत नाही. कायद्याप्रमाणे हं, प्रत्यक्षात कोण विचारतं. आणि सरकारी मराठीने या सगळ्यावर 'अनुज्ञप्ती' काढलंय, जे बोलताना दोनदा तरी अडखळायला होतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

खरी मजा परवाना आला कुठून यात आहे. फारसीत 'परवाना' म्हणजे दिव्यावर झेपावणारा पतंग हे शायरीमुळे सगळ्यांना माहीत, मग लगेच कोणीतरी सांगतो की राजाचा निरोप्या दिव्याभोवती पतंग फिरतो तसा दरबाराभोवती फिरायचा म्हणून त्याच्या हातातला कागद परवाना. गोड आहे, पण मला पटत नाही. जुन्या फारसीत, म्हणजे पहलवीत, 'परवानग' म्हणजे वाट दाखवणारा, पुढे चालणारा. याचंच भावंड 'परवानक', आणि हा कोण, तर सिंहाच्या पुढे ओरडत धावणारा प्राणी, मागून धनी येतायत बाजूला व्हा असं सांगणारा! फारसी कोशकार त्याला स्याहगोश म्हणतात, काळ्या कानांचं ते रानमांजर, कॅराकल. अरबांनी हाच शब्द उचलून 'फुरानिक' केला आणि त्याचे अर्थ ठेवले दोन, सिंहापुढचा तो प्राणी आणि टपालाच्या जासुदाला वाट दाखवणारा. आता सांगा, पतंग जवळचा का हे रानमांजर? परवाना तुमच्या पुढे जातो, दार उघडायला लावतो, मागून तुम्ही. माझ्या मते तरी गोष्ट इथे संपते.

अजून एक. तेराव्या शतकात अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, सेल्जुक सुलतानांकडे 'परवाने' नावाचा हुद्दाच होता, सुलतानाचे हुकूम नि जमिनींच्या सनदा त्याच्या हातून जायच्या. मुईनुद्दीन परवाने हा त्यातला गाजलेला, सुलतान नावाला आणि कारभार याचा, १२७७ मध्ये मंगोलांनी मारला. कोणाला काय मिळेल ते ठरवणारा, थोडक्यात तिथला ऍडमिनच.

आता संस्कृतवाले. एक गृहस्थ मला कायम ऐकवतात की परवानगी 'परवान्' वरून, म्हणजे दुसऱ्याच्या अधीन असलेला, आणि पुरावा म्हणून रामायण काढतात, आपल्या पंचवटीतलाच प्रसंग, राम म्हणतो पर्णकुटीला जागा बघ तर लक्ष्मण म्हणतो 'परवानस्मि', मी तुझ्या अधीन, तूच जागा दाखव. प्रसंग सुंदर आहे आणि अर्थ तर असा चपखल बसतो की मलाही मोह होतो. पण शब्दाला शेपूट 'गी' आहे हो! मर्दानगी, रवानगी, परवानगी. ते शेपूट लक्ष्मणाने कुठून आणलं? फारसीत अख्खं 'परवानगी' तयार पडलंय. उच्चार जुळला की व्युत्पत्ती म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. (नाही सोडलेलं.)

हां, तर बोर्ड. त्या काळातलं डब्ल्यूडब्ल्यूआयव्ही नावाचं बोर्डाचं सॉफ्टवेअर घ्या, १९८४ चं. त्यात प्रत्येक मेंबरला शून्य ते २५५ अशी एक पातळी, २५५ म्हणजे खुद्द बोर्डाचा चालक, आणि त्याशिवाय ए ते पी अशी सोळा अक्षरं, ज्याच्या त्याच्या नावापुढे हवं ते चालू किंवा बंद करायची. बोर्डावरच्या एखाद्या कट्ट्याला, म्हणजे गप्पांच्या विभागाला, अमुक अक्षर लागत असेल तर नुसती पातळी चढून काही होत नाही, ते अक्षर तुमच्याच नावापुढे पाहिजे. म्हणजे पातळी हा परवाना आणि अक्षर ही परवानगी, परमिट रूमसारखंच. तेव्हा त्या स्क्रीनवर वर 'पातळी' लिहा आणि खाली एकेका टिकमार्कापाशी 'मुभा'. मुभा का, तर अरबी 'मुबाह', केलं तरी चालेल नाही केलं तरी चालेल असं काम, टिकमार्काचा अर्थ तेवढाच असतो. आणि कोणी लिहिलेलं चालकाने बघून सोडायचं असेल तिथे 'मंजूर' बिनधास्त वापरा, मंजूर आणि नजर एकाच धातूचे, मंजूर म्हणजे नजरेखालून गेलेलं.

आणि मुभा नसलेलं बटण दाबलं की स्क्रीनवर येतं ते 'परवानगी नाकारली' आधी काढून टाका. नाकारायला त्याने मागितली कधी होती? बटण दाबलं बिचाऱ्याने. 'परवानगी नाही' एवढंच लिहा.