दर पाडू, माणूस कमी करू की दागिने गहाण ठेवू?

प्रश्न : स.न.वि.वि. इचलकरंजीत माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक बहुतेक मागवाले, यंत्रमाग चालवणारे. कापडाला उठाव नाही, बरेच कारखाने एकाच पाळीत चालतात. काम आहे, पण पैसा येत नाही. उधारी तीन लाखांच्या घरात गेली. शेजारच्या नव्या दुकानदारानं मजुरी पाडली आहे. मीही दर कमी करू का? दोन कामगारांपैकी एकाला थांबवू का? घरातले दागिने गहाण ठेवून तार आणून भरावी, असंही मनात येतं.
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दागिने कपाटातच राहू द्या, मग बाकीचं बोलू.

'काम आहे, पण पैसा येत नाही' हे तुम्हीच लिहिलंय. मंदीत मागवाला नवी मोटर घेत नाही, जळलेलीच भरून घेतो. म्हणून तुमचं काम टिकलं. पण खर्चीवाल्याला, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणाऱ्या मागवाल्याला, व्यापारी मजुरी उशिरा देतो, तो तुम्हाला त्याहून उशिरा देतो, आणि तांब्याची तार मात्र तुम्ही रोखीनं आणता. म्हणजे व्यापाऱ्याच्या गोदामात पडलेल्या कापडाला भांडवल तुमचं, तेही बिनव्याजी! दागिने ठेवून आणलेली तारही तिथंच जाईल. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी हयात गेली. थकलेल्या दुकानदारांच्या वह्या चाळताना काम कमी पडलेलं क्वचित दिसायचं. उधारीची पानं मात्र भरलेली असायची.

तेव्हा आजपासून बिलात माल वेगळा आणि मजुरी वेगळी लिहा. जळलेली कॉइल गिऱ्हाइकासमोर काढा, काट्यावर ठेवा. मोडीचं तांबं त्याचं. त्याची किंमत बिलातून वजा करा. मग नवी तार, इन्सुलेशन पेपर, व्हार्निश, बेअरिंग यांचे पैसे आधी घ्या. मजुरी आठ-पंधरा दिवस थांबली तरी चालेल. हे बोलणं मोटर तुमच्या टेबलावर असताना करायचं. एकदा ती मागावर चढली की तुमचा फोन कोण उचलतो?

जुन्या उधारीत खर्चीवाले आणि मोठे कारखाने वेगळे काढा. खर्चीवाल्याकडे कामगारांच्या पगाराच्या आदल्या संध्याकाळी जा, तेव्हा त्याच्या हातात पैसा असतो. पाचशे मिळाले तरी घ्या आणि त्याच्यासमोर वहीत जमा करा.

सायझिंग (सुताला खळ लावणाऱ्या) किंवा प्रोसेसवाल्या (कापड धुणाऱ्या-रंगवणाऱ्या) मोठ्या गिऱ्हाइकांसाठी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून घ्या. आधार आणि पॅनवर ती मोफत होते, एजंटला पैसे देऊ नका. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं लागतं. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, ही मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम देणाऱ्याला आयकरासाठी त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि फेब्रुवारीत त्यांच्या अकाउंटंटला भेटा, मालकाला नव्हे. अंदाजित नफ्यावर (उलाढालीच्या ठराविक टक्क्यावर) कर भरणाऱ्या छोट्या खर्चीवाल्याला याची झळ लागत नाही, त्याच्यापुढे कायदा काढू नका. थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज मागण्याची सोय सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात आहे. त्यासाठी अशा थकबाकीचे तंटे सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जाता येतं. पण तिथं गेलात की गिऱ्हाईक तुटलंच समजा. जो आधीच तुटलाय त्याच्यासाठीच तो रस्ता.

दर अजिबात पाडू नका. मजुरी पाडणारा कुठून तरी ती भरून काढतोच, बहुधा तारेच्या गेजात (जाडीत) नाहीतर व्हार्निशमध्ये. बारीक गेजची मोटर तापते आणि पुन्हा जळते. तुम्ही भरलेल्या मोटरीची लेखी गॅरंटी द्या. लोड जास्त किंवा फेज गेल्यानं जळली तर गॅरंटी नाही, हेही त्यातच लिहा, नाहीतर भांडणं ठरलेली.

राहिला माणूस. दोघांपैकी कॉइल कोण भरतो, ते तुम्ही लिहिलं नाही. भरणारा असेल त्याला काही झालं तरी सोडू नका. सोडलात तर तो शेजारच्याकडेच जाईल. दुसऱ्याला काढण्याआधी नगावर मजुरी घेतो का, विचारा. शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाला पाणी देणाऱ्या मोटरी उन्हाळ्यात कमी व्होल्टेजनं जळतात, आणि उभं पीक वाळत असताना शेतकरी घासाघीस करत बसत नाही. ते काम आणायचं तर पाण्यात चालणाऱ्या सबमर्सिबलची तार वेगळी, प्लॅस्टिकच्या आवरणाची असते, आणि भरण्याची पद्धतही वेगळी. दुसऱ्या माणसाला ती आताच शिकायला बसवा, फेब्रुवारीपर्यंत हात बसेल.