कृतिसंशोधनाच्या अहवालात ‘मुलांशी आपुलकीने वागणं’ चित्रांतून दाखवलं तर चालतं का?

हो, चालतं, पण चित्रं शोभेला न लावता पुरावा म्हणून वापरलीत तरच. मी बी.एड.चे कृतिसंशोधनाचे, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपाय करून पाहून लिहिलेले, अहवाल तपासते. ‘मी विद्यार्थ्यांशी सहानुभूतीने वागले’ असं वाचलं की पहिला प्रश्न येतो, कशावरून? त्याऐवजी तीन चौकटी काढा: उशिरा आलेला मुलगा दारात घुटमळतोय, बाई फळ्यावरचं अर्धं गणित सोडून त्याच्याकडे वळल्यात, तो बाकावर बसलाय आणि शेजारच्याने आपली वही त्याच्याकडे सरकवलीय. ती वही पानभर वर्णनापेक्षा जास्त सांगते. चित्रकला कच्ची असली तरी बिघडत नाही, काडीची माणसंसुद्धा चालतात.

पद्धतीचं नाव विचारलं तर ‘फोटोव्हॉइस’वर (लोकांनी स्वतः काढलेल्या फोटोंतून त्यांचं म्हणणं जाणून घेण्याची पद्धत) आधारलेली असं सांगा. कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युनान प्रांतातल्या खेड्यांतल्या बायकांच्या हाती कॅमेरे दिले आणि फोटोंचा अर्थही त्यांनाच सांगायला लावला. तुम्हीही चित्र मुलांपुढे ठेवून हे विचारा:

- इथे काय दिसतंय?
- खरं काय चाललंय?
- असं का होतं?
- आपण काय करू शकतो?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत चित्राखाली लिहा. गाइड बहुतेक वेळा इथेच समाधानी होतात.

मात्र चित्राऐवजी फोटो वापरलात आणि त्यात ओळखू येणारे चेहरे असतील तर पालकांची लेखी संमती आणि मुलाचा होकार दोन्ही हवेत. मूल रडतानाचा फोटो संमती असली तरी वापरू नका, तिथे रेखाचित्रच काढा.