बोक्याचं बिल बघून डोळे पांढरे झाले!

प्रश्न: आमच्या बोक्याची लघवी अडकली, रात्रीच इमर्जन्सीत न्यावं लागलं, सगळी बचत संपली. परत असं झालं तर?

उत्तर: थांबला नाहीत हे बरं केलंत, हे एकदोन दिवसांत जिवावर बेततं. पण पैशाचं डॉक्टरांशी सरळ बोलायचं हो, लाजायचं काय त्यात! खर्चाचा अंदाज लिहून मागा, आत्ता काय करायलाच हवं आणि कुठली टेस्ट थांबू शकते ते विचारा, हप्ते चालतील का तेही. व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात बरेचदा स्वस्त पडतं. इन्शुरन्सवाले आधीचा आजार सहसा धरत नाहीत आणि हा त्रास तर परत उद्भवू शकतो, म्हणून दर महिन्याला थोडे पैसे बाजूला टाकाच. आणि हो, खर्च वाचवायला घरातली पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका, मांजरांना ती विषच.